कोळी : पंधरा दिवसांचा पाहुणा



घरात जळमट दिसले की आपला हात आधी झाडूकडे जातो. आपण त्याला कोळी म्हणतो, शेजारच्या गुजराती घरात तो ‘करोळियो’ असतो. पण झाडू दोन्ही घरांत सारखाच चालतो. या प्राण्याला नीट पाहावे, म्हणून तो काही दिवस बरणीत ठेवायचा असेल, तर काय करावे आणि काय करू नये, याची माहिती या पाठात देत आहोत.

ओळख : कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय व शरीराचे तीन भाग असतात. कोळ्याला आठ पाय आणि दोनच भाग. पंख व मिशा नसतात. तो घास चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचक रस सोडून ते पातळ करतो आणि मग शोषून घेतो. म्हणून त्याचे जेवण तासन् तास चालते.

कोणता कोळी निवडावा ? कोळ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात : जाळे विणून वाट पाहणारे आणि हिंडून शिकार करणारे. बागेत चाकासारखे गोल जाळे विणणारा कोळी बरणीत आणू नये. त्याला जाळ्यासाठी ऐसपैस जागा लागते. ती मिळाली नाही तर तो उपाशी राहतो. त्याला कुंपणावरच पाहावे. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा कोळी मात्र नवशिक्यांना उत्तम. त्याचे पुढचे दोन डोळे मोठे असतात व नजर तीक्ष्ण असते. आपण बोट हलवले की तो वळून बघतो !

पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरलेली, मागे गोल गाठोडे ओढणारी किंवा पाठीवर पिल्ले घेतलेली मादी कधीही पकडू नये. ती टिकली आणि ते गाठोडे म्हणजे तिच्या अंड्यांच्या पिशव्या होत. ज्याची ओळख पटत नाही त्या कोळ्यालाही हात लावू नये. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांपासून तर दूरच राहावे. त्यांतील पॉइसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती २०१९ मध्ये सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आली, कारण पाळण्याच्या हौसेपोटी त्यांचा देशोदेशी व्यापार होत होता.

पकडणे : चिमटीत धरू नये, पाय तुटतो. कोळ्यावर पारदर्शक पेला पालथा घालावा आणि खालून जाड कागद हळूच सरकवावा.

घर : उडी मारणाऱ्या कोळ्याला अर्धा ते एक लिटरची स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी पुरते. बाजूंना टाचणीने बारीक भोके पाडावीत. आत एक काटकी व दोन कोरडी पाने ठेवावीत. हा कोळी झोपण्यासाठी उंचावर रेशमाची पिशवी विणतो. बरणी सरळ ठेवली तर ती पिशवी झाकणालाच चिकटते आणि रोज झाकण काढताना फाटते. म्हणून बरणी उलटी, झाकण खाली करून ठेवावी. बरणी उन्हात ठेवू नये. एका बरणीत एकच कोळी. दोन ठेवले तर बहुधा एकच उरतो.

पाणी : सारे लक्ष खाण्याकडे लागते आणि पाण्याचा विसर पडतो. मोठा कोळी अन्नाविना बरेच दिवस तग धरतो, पाण्याविना नाही. बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा तर हे विसरून चालणारच नाही. रोज बरणीच्या आतल्या बाजूला पाण्याचे दोन-तीन बारीक थेंब लावावेत. तळाशी पाणी साचू देऊ नये.

अन्न : कोळ्याला पोळीचा तुकडा किंवा साखर चालत नाही. तो हलणारे भक्ष्य टिपतो, म्हणून मेलेली माशीही सहसा घेत नाही. पिकलेल्या केळ्याची साल उघडी ठेवली की चिलटे जमतात, ती द्यावीत. दोन-तीन दिवसांनी एक माशी पुरे. भक्ष्य कोळ्यापेक्षा मोठे नसावे. मुंग्या देऊ नयेत, त्या उलट चावतात. फवारणी झालेल्या घरातले किडे देऊ नयेत; त्यांच्याबरोबर विषही कोळ्याच्या पोटात जाते.

कोळी खायचा थांबला आणि पिशवीत बसून राहिला, तर तो कात टाकण्याच्या तयारीत असू शकतो. अशा वेळी बरणी हलवू नये आणि आतला जिवंत किडा काढून घ्यावा. नव्या कातडीचा कोळी मऊ असतो, त्याला किडाही जखमी करू शकतो.

पालकांसाठी : जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते, परंतु उडी मारणाऱ्या छोट्या कोळ्याचे विष माणसाच्या जिवाला धोकादायक नसते. तरीही हाताळू देऊ नये. चावल्यास जागा साबणाने धुवावी. सूज वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. ‘अंगावरून कोळी फिरला म्हणून फोड आले’ असे आपण म्हणतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तरीही असे फोड येतात. ते अनेकदा कोळ्याच्या माथी मारले जातात.

जिवंत माशी खायला घालणे काही घरांत पटणार नाही. ती भावना आम्हाला मान्य आहे. अशा घरांतील मुलांनी कोळी पकडूच नये. छताच्या कोपऱ्यातले एखादे जाळे पंधरा दिवस झाडू न लावता राखावे आणि लांबून पाहावे. अभ्यास तेवढाच होईल.

स्वाध्याय : वहीत चार रकाने आखा – तारीख, पाणी, अन्न, काय दिसले. सोळाव्या दिवशी सायंकाळी कोळ्याला जिथून आणले तिथेच सोडा. आपल्या भिंतीवर तो रोज माश्या आणि डास टिपत होता. ते त्याचे काम आपण पंधरा दिवस थांबवलेले असते. बरणी रिकामी करताना कोळी धडधाकट चालत गेला, तर तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे आम्ही मानू. वही कोरी राहिली तर गुण कमी होतील, पण कोळी बरणीत मेला तर ते गुण कुठूनच भरून येणार नाहीत.