जुनी मोटारसायकल दान देताना

पैशाचे दान आणि वस्तूचे दान ही दोन निराळी कामे आहेत. पैसे दिले, पावती मिळाली, की दाता मोकळा होतो. वस्तू मात्र आपल्याबरोबर जागा, कागदपत्रे आणि जबाबदारी घेऊन येते. संस्थेच्या महोत्सवी वर्षात, घरच्या परसात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली वडिलांची मोटारसायकल संस्थेस द्यावी, असा विचार एखाद्या कुटुंबात हमखास निघतो. विचार चांगलाच आहे. परंतु तो तडीस कसा न्यावा हे ठाऊक नसल्यास काय होते, ते आम्ही स्वतः पाहिले आहे.

आम्ही पूर्वी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे एका दिवंगत पालकांची जावा गाडी त्यांच्या घरच्यांनी शाळेस दिली. मुलांना यंत्र उघडून दाखवावे, एवढाच त्यांचा हेतू. गाडीला हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले. आर. सी. बुक मात्र मृत मालकांच्याच नावावर राहिले. त्यामुळे गाडी चालविता येईना आणि रीतसर विकताही येईना. सायकलींच्या पत्र्याखाली तिने दोन पावसाळे काढले. पेट्रोल आटून त्याचा चिकट गाळ कार्ब्युरेटरात बसला, टाकी आतून गंजली, आणि अखेर गाडी किलोच्या भावाने भंगारात गेली. पुढील वर्षी त्या गृहस्थांचा धाकटा मुलगा आपल्या पोराला आजोबांची गाडी दाखवावयास घेऊन आला. त्यास काय सांगावे हे आम्हांस सुचले नाही. हार घालणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता प्रथम कायद्याकडे वळू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊन किंवा नोंदणीकृत दानपत्राने करता येते. मात्र ते दात्याच्या हयातीतच स्वीकारले गेले पाहिजे. मुसलमानी कायद्यातील 'हिबा'लाही देणाऱ्याचा उच्चार, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा ही तिन्ही अंगे लागतात. म्हणजे देणाऱ्याइतकेच घेणाऱ्याचेही काम आहे, आणि विश्वस्तांनी सभेत ठराव करून ते करावे. केवळ 'राहू द्या इथेच' म्हणणे हा काही स्वीकार नव्हे.

ताबा दिला तरी मोटार वाहन कायद्याचे काम उरतेच. मालक हयात असल्यास नमुना २९ व ३० भरून नाव बदलून घ्यावे. मालक वारले असल्यास आधी नमुना ३१ ने गाडी वारसाच्या नावावर चढवावी व मग संस्थेच्या नावावर करावी. वारस अनेक असतील तर सर्वांची लेखी संमती हवी. थोरल्याने दिली आणि बहिणीला वर्तमानपत्रातील फोटोवरून कळले, असे दान घरात भांडण लावते. नाव बदलण्यास 'सवडीने पाहू' म्हणणाऱ्यांनी २०१८ सालचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानी ठेवावा. गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, असे न्यायालयाने त्यात ठरविले.

गाडी जुनी असणे आणि कायद्याने 'व्हिंटेज' असणे यांतही अंतर आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली व मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तिच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाट करण्यास नव्हे.

आमच्या बेळगाव भागात अशा गाड्या असणे स्वाभाविकच आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या धर्तीवर गाड्या बनत. पुढे त्याच 'येझदी' नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. त्या जावाचा किक मारण्याचा दांडा हाच गिअर बदलण्याचाही दांडा असे. वर्गात हे सांगितले की मुलांना खरे वाटत नाही! देणगी म्हणून अशा गाडीला नवा रंग देऊन, चकचकीत करून आणण्याची हौस पुष्कळांना असते. ती आवरावी. पारखी माणूस मूळ रंग, मूळ सुटे भाग आणि पुस्तकाशी जुळणारे इंजिन व चासीचे क्रमांक पाहतो. नव्या रंगाने किंमत बहुधा उतरते.

किमतीत गाडीच्या इतिहासाचा वाटा किती असतो, याचे एक उदाहरण रोमचे आहे. पोप फ्रान्सिस यांना २०१३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीने एक मोटारसायकल भेट दिली. त्यांनी तिच्या टाकीवर सही केली व ती दानासाठी दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २,४१,५०० युरो आले, म्हणजे अंदाजाच्या कितीतरी पट; आणि ती रक्कम रोमच्या रेल्वे स्टेशनाजवळील निराधारांचे वसतिगृह व अन्नछत्र यांच्या दुरुस्तीसाठी होती. गाडी नवीच होती; मोल त्या सहीचे होते. आपल्या गाडीवर अशी सही नसेल. परंतु ती कोणी, कोठून, कधी घेतली, कोणत्या कामास वापरली, हे दोन पानांत लिहून व जुने फोटो जोडून दिले तर घेणाराही चार पैसे अधिक मोजतो.

संस्थेने गाडी विकावी की ठेवावी, हे घेण्यापूर्वीच दात्याशी बोलून ठरवावे. विकावयाची असल्यास तसे दानपत्रात स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कोणी दुखावणार नाही. आमचे मत विचाराल तर, शाळेच्या शिष्यवृत्तीला पैसा हवा असताना गाडी कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा जाणत्या संग्राहकास विकावी. ठेवावयाचीच असेल तर पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी अलग करावी, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, चाके जमिनीपासून उचलून ठेवावी, आणि हे सर्व पाहणारा एक माणूस नावानिशी नेमावा. आमच्या शाळेत तोच नव्हता.

करसवलतीची अपेक्षा ठेवू नये. ८०-जी म्हणून आपण ओळखतो ती प्राप्तिकराची सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, वस्तूला नाही. दात्यास ती हवीच असल्यास त्याने स्वतः गाडी विकून आलेली रक्कम चेकने द्यावी. गाडीच घेतली तर पावतीवर तिचे वर्णन, इंजिन व चासीचे क्रमांक आणि तारीख लिहावी. रुपयांचा आकडा घालू नये. पावतीबरोबर आर. सी. बुक, विम्याचा कागद आणि दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. दुसरी किल्ली बहुधा आजीच्या डब्यात असते.