तेलाला कप्पे पाडू द्या

चला, ओटा रिकामा करा. आज स्वयंपाक नाही. तेलाच्या पातळ थराला मंद ऊब द्यायची आणि त्यात आपोआप कप्पे पडताना बघायचे: पाचकोनी, षटकोनी, एकमेकांना खेटून बसलेले. साचा लागत नाही, सुरी लागत नाही. तुमच्याकडे कामं दोनच: भांडं सपाट ठेवणं आणि आच कमी ठेवणं. बाकीचं तेल बघून घेईल.

जमवाजमव: साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा, जाड आणि सपाट बुडाचा काळा फ्राइंग पॅन (जुना, रिटायर झालेला असेल तर उत्तम), एक लोखंडी तवा, रिफाइंड सूर्यफूल तेल २०० मिलीलिटर, चंदेरी अभ्रक पावडर अर्धा चहाचा चमचा, कबाबची लांब लाकडी काडी, मोबाइलचा टॉर्च. अभ्रक पावडर साबण किंवा रेझिनचं सामान विकणाऱ्यांकडे ‘मायका पावडर’ म्हणून मिळते. कार्डावर लावायची चमकी आणू नका. ती प्लॅस्टिकची असते, तापली की वितळते.

१. पॅन कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा एक थेंबही राहिला तर पुढे तेल तडतडून अंगावर उडेल.

२. शेगडीवर आधी तवा ठेवा. बिर्याणीला दम देताना ठेवतो ना, अगदी तसाच. तवा नसेल तर बर्नरच्या ज्वाळांची गोल रांगोळीच तेलात उमटते आणि कप्पे बाजूला राहतात.

३. तव्यावर पॅन ठेवा. गॅस अजून पेटवायचा नाही, हं!

४. पॅनमध्ये १०० मिलीलिटर तेल ओता. एवढ्या पॅनमध्ये साधारण ३ मिलिमीटरचा थर होतो.

५. आता वाकून तेलाची पातळी बघा. तेल एका बाजूला गोळा झालंय? मग पॅन अर्धा फिरवा. गोळा झालेलं तेल ओट्याच्या त्याच बाजूला राहिलं तर शेगडी तिरपी आहे. पॅनबरोबर फिरलं तर पॅनचं बूड वाकडं आहे. मधोमध कोरडं बेट दिसत असेल तर बूड फुगलेलं आहे, सरळ दुसरा पॅन घ्या.

६. शेगडी तिरपी निघाली तर तिच्या खालच्या बाजूच्या पायाखाली नाणं सरकवा. कागदाची घडी अजिबात नको, शेजारी जाळ आहे. या पायरीवर कंटाळा करू नका. कप्पे वाकडेतिकडे येण्याचं कारण नव्वद टक्के वेळा इथेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

७. अभ्रक पावडर तेलावर भुरभुरवा. डबी नाकापासून लांब धरा, ती उडते.

८. काडीने नीट ढवळा. तळाला पावडरचा थर दिसला तर अजून ढवळा.

९. पंखा आणि एक्झॉस्ट बंद करा. खिडकी उघडी असू द्या, पण वाऱ्याचा झोत थेट पॅनवर यायला नको.

१०. गॅस अगदी मंद पेटवा. घाई म्हणून मोठा केलात तर तेल नुसतंच घुसळत राहील.

११. टॉर्च बाजूने, तिरपा मारा. वरून मारलात तर फक्त चकाकी दिसेल.

१२. आता हात मागे. तवा तापायला काही मिनिटं लागतात. चेहरा पॅनवर नेऊ नका, मुलांना हातभर लांब उभं करा. आधी चंदेरी साय स्थिर दिसेल. मग तिच्यात रेघा हलू लागतील, रेघा एकमेकींना भिडतील आणि बघता बघता जाळी तयार होईल. एकच कप्पा निवडा आणि त्याच्याकडे टक लावून बघा: मधून तेल वर येतं, पृष्ठभागावरून कडेकडे पसरतं आणि गडद कडेवर खाली बुडी मारतं. प्रत्येक कप्पा थराच्या खोलीच्या साधारण तिप्पट रुंद, म्हणजे इथे सेंटिमीटरभर. (सूर्याच्या पृष्ठभागावरही असेच उकळते कप्पे आहेत; तिथला एकेक हजारभर किलोमीटरचा.)

१३. जाळी स्थिर झाली की काडीने मधून एक रेघ ओढा. काडी कोरडीच हवी. चार-पाच कप्पे मोडतील. काडी बाहेर काढा आणि काही करू नका. मोडलेले कप्पे पुन्हा जुळतात, पण पूर्वीच्याच जागी जुळतील याची खात्री नाही.

१४. गॅस बंद करा. तेलातून धूर दिसला तर ही पायरी आधीच करायची, जाळी आलेली असो वा नसो. आच संपली की कप्पे पुसट होत विरून जातात, तेही बघण्यासारखं आहे.

१५. पॅन पूर्ण गार होऊ द्या. जागचा उचलू नका. गरम तेल घेऊन चालणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

१६. गार तेलात आणखी १०० मिलीलिटर ओता.

१७. पुन्हा ढवळा. एव्हाना अभ्रक तळाला बसलेलं असतं.

१८. गॅस पुन्हा मंद पेटवा. या वेळी कप्पे संख्येने कमी आणि जवळजवळ दुप्पट रुंद येतील. पट्टी तेलात बुडवू नका. बाहेरून, पॅनच्या काठाशी धरून अंदाज घ्या.

१९. जाळी दिसत असतानाच आच किंचित वाढवा, किंचितच. कप्प्यांच्या कडा थरथरतात, दोन कप्पे एक होतात, एकाचे दोन होतात. मला तर स्थिर जाळीपेक्षा ही धांदलच जास्त आवडते.

२०. गॅस बंद करून तेल थंड होईपर्यंत थांबा.

२१. तेल जुन्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा. पुढच्या वेळी तेच वापरता येतं, पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘खायचं नाही’ लिहा, नाहीतर घरात कुणीतरी त्यात भजी तळेल. सिंकमध्ये ओतलंत तर पाइप तुंबेल.

२२. पॅन आधी वर्तमानपत्राने पुसा आणि मगच साबणाने घासा. अभ्रक चिवट असतं, घासणीवर आठवडाभर चमकत राहील.