उघडे इंजिन

श्रावण लागला होता. नारळी पौर्णिमा अवघ्या दहा दिवसांवर आली होती. कोकण किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी चालली होती. एक वृद्ध तांडेल आपल्या पडवीत होडीचे जुने इंजिन दुरुस्त करीत होता. होडीच्या मागच्या बाजूस बाहेरून अडकवावयाच्या या इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात. अमेरिकेत एव्हिनरूड नावाच्या संशोधकाने १९०९ साली असे यंत्र विक्रीस आणले आणि पुढे ते देशोदेशींच्या किनाऱ्यांवर पोहोचले.

तांडेलाने इंजिन फळीवर आडवे ठेवले होते; पण त्याचे डोके पायापेक्षा उंच होते. पायात राहिलेले पाणी डोक्याकडे उतरू नये, ही त्यातील दक्षता. सायंकाळी त्याने स्पार्क प्लग काढला व नातवास सांगितले, "या छिद्रात स्वच्छ फडक्याचा बोळा घाल आणि वर ताडपत्री टाक."

नातवाला खेळावयास जाण्याची घाई होती. 'ताडपत्री आहे, मग बोळा कशाला?' असे म्हणून त्याने नुसती ताडपत्री टाकली. रात्री वादळी पाऊस झाला. वाऱ्याने ताडपत्री उलटली आणि फुटक्या कौलांतून गळणारे पाणी त्या छिद्रात शिरले.

सकाळी आजोबांनी इंजिन पुसले. वरून ते कोरडे दिसत होते. त्यांनी प्लग बसविला व इंजिन उभे करून दोरीला हात घातला. मुलाचे काळीज धडधडू लागले. रागावतील या भीतीने ओठ मिटले होते, तरीही तो एकदम ओरडला, "आजोबा, थांबा! मी बोळा घातला नव्हता!"

आजोबांनी हात आवरला. ते शांतपणे म्हणाले, "बरे झाले बोललास. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना दोरी जोराने ओढली, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. मग कुठली पौर्णिमा आणि कुठली होडी!"

त्यांनी प्लग काढला, छिद्र खाली येईल असे इंजिन वळविले आणि माथ्यावरचे चाक हाताने सावकाश फिरविले. पाण्याची धार बाहेर आली. पाणी पूर्ण निथळल्यावर त्यांनी आत थोडे तेल सोडले व गंज धरू नये म्हणून चाक पुन्हा फिरविले.

"हे तर पावसाचे पाणी," आजोबा म्हणाले, "खारे पाणी याहून वाईट. त्याने लोखंड फार लवकर गंजते. म्हणून समुद्रावरून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे लागते."

त्या सायंकाळी मुलाने प्रत्येक उघड्या छिद्रात बोळा घातला आणि ते मोजून ठेवले. घातलेले सर्व बोळे इंजिन जोडताना काढावयाचे होते. ताडपत्रीच्या कडांवर त्याने दगड ठेवले. पण हवा खेळावी म्हणून एक बाजू जरा मोकळी ठेवली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाल्यावर आजोबांनी दोरी नातवाच्या हाती दिली. दुसऱ्याच ओढीला इंजिन सुरू झाले.

स्वाध्याय
१. इंजिनाचे डोके पायापेक्षा उंच का ठेवले होते?
२. सिलिंडरात पाणी असताना दोरी ओढल्यास काय होते?
३. मुलगा गप्प राहिला असता, तर काय घडले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.