कर्णधार आणि कातानेत्स

गेल्या सत्रात मी आमच्या हाउसच्या फुटबॉल संघाचा कर्णधार होतो. उपांत्य सामन्यात आमच्या सर्वांत चांगल्या फॉरवर्डला मी बाहेर बोलावले, तेव्हा तो सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. शिस्त म्हणून मी त्याला अंतिम सामन्यात बसवले. आम्ही ०-२ ने हरलो. माझे बरोबर होते का, हे शोधण्यासाठी मी स्रेच्को कातानेत्स या प्रशिक्षकाची कारकीर्द अभ्यासली.

कातानेत्स यांचा जन्म १९६३ साली ल्युब्लियाना येथे झाला. १९९० च्या विश्वचषकात ते युगोस्लाव्हियाकडून खेळले. पुढे स्लोव्हेनिया वेगळा देश झाला. जेमतेम २० लाख वस्तीच्या या देशाला त्यांनी युरो २००० आणि २००२ चा विश्वचषक गाठून दिला. त्यानंतर ग्रीसमधील ऑलिंपियाकोस क्लब, मॅसिडोनिया, संयुक्त अरब अमिराती, पुन्हा स्लोव्हेनिया, इराक आणि उझबेकिस्तान असा त्यांचा प्रवास झाला. फौजीच्या बदल्यांसारखाच!

भारताशीही त्यांची गाठ पडली. जुलै २०११ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत त्यांच्या अमिराती संघाने अल ऐन येथे आपल्याला ३-० ने हरवले. आपले दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले होते. पाचच दिवसांनी दिल्लीत त्याच संघाला आपण २-२ असे रोखले. तेव्हा आपले प्रशिक्षक होते गोव्याचे आर्मांडो कोलासो. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात कातानेत्स यांच्या उझबेकिस्तानने भारताला पुन्हा ३-० ने हरवले. त्या दिवशी आपल्या चंडीगडमध्ये फुटबॉल शिकलेले गुरप्रीत सिंग संधू आणि संदेश झिंगन मैदानात होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र २००२ मध्ये आहे. स्पेनविरुद्ध सामन्यात बदलल्यामुळे झ्लात्को झाहोविच हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू त्यांच्याशी भांडला. त्याला घरी पाठवण्यात आले. स्लोव्हेनिया तिन्ही सामने हरला आणि कातानेत्स यांनी पद सोडले. शिस्त राहिली, पण संघ सावरला नाही.

कोलासो यांची वाट वेगळी. ते अनेक वर्षे धेंपो या एकाच क्लबात राहिले आणि त्यांनी पाच राष्ट्रीय लीग विजेतेपदे मिळवली. एका जागी राहणाऱ्याला खेळाडू ओळखायला वेळ मिळतो. फिरणाऱ्याला तो विश्वास थोड्या दिवसांत कमवावा लागतो. कातानेत्सही ते पुढे शिकले असावेत, असे मला वाटते. २०२१ पासून त्यांनी उझबेकिस्तानचा संघ बांधला. जानेवारी २०२५ मध्ये प्रकृतीमुळे ते थांबले आणि जूनमध्ये तोच संघ दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. झाड एकाने लावले, फळ दुसऱ्याच्या वेळी आले.

आता मला वाटते, त्याला शिक्षा करणे चूक नव्हते. शिक्षेआधी त्याच्याशी एक शब्दही न बोलणे चूक होते. सुट्टीवरून परतल्यावर मी त्याच्या बॅरेकमध्ये गेलो. माझी हिंदी मराठी वळणाची, त्याची पंजाबी वळणाची. तो म्हणाला, त्या दिवशी घरून वाईट बातमी आली होती. मी कधी विचारलेच नव्हते.

या सत्रात कर्णधार तो आहे. मी बचावफळीत खेळतो.