विकत गेलेले ॲप आणि खानावळीचे खाडे

अधिग्रहण, म्हणजे एका कंपनीने दुसरी कंपनी तिच्या माणसांसह आणि ग्राहकांसह विकत घेणे, हा व्यवहार घेणारा आणि देणारा यांच्यातच पुरा होतो. ज्यांच्या रोजच्या वापराने त्या ॲपला किंमत आलेली असते, त्यांना तो बहुधा झाल्यावरच कळतो. पुण्यात २००७ साली सुरू झालेली टेस्टीखाना ही घरपोच जेवणाची सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये फूडपांडाने घेतली, फूडपांडाचा भारतातील व्यवसाय डिसेंबर २०१७ मध्ये ओलाकडे गेला आणि २०१९ मध्ये ओलाने ती सेवा थांबवली. उबर ईट्सचा भारतातील व्यवसाय २१ जानेवारी २०२० रोजी झोमॅटोने घेतला, तेव्हा तर ग्राहकांना त्याच दिवसापासून झोमॅटोकडे वळवण्यात आले. घेणाऱ्या कंपनीला हॉटेलांशी झालेले करार, डबे पोचवणारी मुले आणि ग्राहकांची यादी हवी असते, एकाच कामाची दोन ॲप पोसायची नसतात. म्हणून जुने नाव बंद होणे हा अपघात नसून पुष्कळदा खरेदीचाच भाग असतो.

यात सर्वांत आधी भरडला जातो तो लहान व्यावसायिक. कात्रज आणि धनकवडी भागात भारती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या घरगुती खानावळींत हिशेबाचा सगळा जीव खाड्यांत असतो. खाडा म्हणजे सभासद जेवायला न आलेला दिवस, जो महिन्याच्या रकमेतून वजा होतो. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या अशाच खानावळीत खाडे, जमा आणि उधारी एका लहान ॲपवर नोंदवली जात असे. ते ॲप विकले गेले, नेहमीच्या अपडेटबरोबर त्याचे नाव व चिन्ह बदलले, आणि नव्या रूपात सभासदांची नावे व फोन क्रमांक तेवढे आले. खाडे आले नाहीत. महिनाअखेरीस सभासद सांगतील तितके खाडे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि विद्यार्थी प्रामाणिक असले तरी त्यांनाही तारखा आठवत नव्हत्या.

या अनुभवावरून सांगण्यासारखे असे की, नोंदींची प्रत घेण्यासाठी बंद होण्याच्या सूचनेची वाट पाहू नये; ज्या तारखेला पैसे गोळा होतात त्याच तारखेला ती एक्सेल फाइलच्या रूपात उतरवून घ्यावी, आणि ॲप तशी सोय देत नसेल तर उधारी व खाडे वहीतही मांडावेत. ॲपच्या वॉलेटमध्ये गरजेपुरतेच पैसे ठेवावेत, आणि विक्रीची बातमी आल्यावर वर्षाची वर्गणी आगाऊ भरू नये. कायद्याचा आधार येथे अपुरा आहे: वैयक्तिक विदा, म्हणजे व्यक्तीविषयीची माहिती, एका सेवेकडून दुसरीकडे वापरता येईल अशा रूपात मागून घेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात तो आला नाही. माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क मात्र त्यात आहे. तो वापरताना क्रम चुकू नये, कारण आधी खाते मिटवले तर उतरवून घेण्यासारखे काही उरत नाही, आणि फोनवरून नुसते ॲप काढून टाकल्याने खाते व त्यातील सभासदांचे फोन क्रमांक नव्या मालकाकडे तसेच राहतात.