मेंदूतील गाठ : प्रकार, श्रेणी आणि कारणे



८ जून हा दिवस जागतिक ब्रेन ट्यूमर दिन म्हणून पाळला जातो. 'ब्रेन ट्यूमर' हा शब्द कानी पडला की घरातील सर्वांचे अवसान गळते. परंतु प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

प्रकार : मेंदू, मज्जारज्जू किंवा त्यांच्या आवरणात सुरू होणाऱ्या गाठींना प्राथमिक गाठी म्हणतात. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींपासून ग्लायोमा होतो, मेंदूच्या आवरणापासून मेनिंजिओमा, तर चेतातंतूंच्या वेष्टनापासून श्वानोमा. मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ मुख्यतः मुलांच्या लहान मेंदूत आढळते. शरीरात अन्यत्र झालेला कॅन्सर रक्तावाटे मेंदूत पोहोचला की दुय्यम गाठ होते. प्रौढांमध्ये याच गाठी अधिक असतात. आपल्या देशात क्षयाची किंवा फीतकृमीच्या अळीची गाठही स्कॅनमध्ये ट्यूमरसारखी दिसू शकते. तिच्यावर बहुधा औषधांनी उपचार होतात.

श्रेणी : गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १ ते ४ श्रेणी ठरवतात. २०२१ च्या वर्गीकरणात जनुकीय तपासणीलाही महत्त्व दिले आहे. श्रेणी १ ची गाठ सावकाश वाढते. बहुतेक मेनिंजिओमा या श्रेणीत येतात. श्रेणी ४ ची वेगाने वाढते, उदा. ग्लायोब्लास्टोमा. 'चौथी श्रेणी' म्हणजे 'चौथी स्टेज' नव्हे. स्टेज म्हणजे रोगाचा पसारा, श्रेणी म्हणजे गाठीचा स्वभाव. मात्र कवटी हाडाची असल्याने साधी गाठही नाजूक जागी दाब देऊन घात करू शकते.

कारणे : बहुतेक प्राथमिक गाठींचे कारण सापडत नाही. डोक्याला पूर्वी दिलेला किरणोपचार आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही आनुवंशिक विकार ही निश्चित कारणे आहेत. मोबाईलबाबत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. दृष्ट, करणी, देवीचा कोप ही कारणे नव्हेत.

आता आपल्या निपाणी भागाची गोष्ट. ज्या पिकाच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी रस्त्यावर उतरले, त्या तंबाखूवर अनेक घरांची चूल पेटते. तंबाखूने थेट मेंदूत गाठ होते असे सिद्ध झालेले नाही. पण बिडी-सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो आणि मेंदूत पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये तो अग्रभागी आहे. तंबाखू पिकवणे हा पोटाचा प्रश्न असेल, ओढणे हा नाही.

लक्षणे : पहाटे वाढणारी डोकेदुखी व उलटी, प्रथमच आलेली फिट, दृष्टी अंधुक होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, चालताना तोल जाणे. मुलाचे अक्षर अचानक बिघडले, फळ्यावरचे दोन-दोन दिसू लागले तर छडी नको, डॉक्टर हवा. फिट आल्यास कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत न थांबल्यास तात्काळ दवाखान्यात न्या.

डोकेदुखी बहुधा साधीच असते, हेही ध्यानात ठेवा. पण वरील लक्षणे दिसल्यास अंगारे-धुपाऱ्यात आठवडे घालवू नका. स्कॅनची सोय बेळगाव-कोल्हापुरात आहे. वेळेवर गेलेला रुग्ण निम्मी लढाई जिंकतो.

स्वाध्याय : १) श्रेणी आणि स्टेज यांतील फरक लिहा. २) दुय्यम गाठ म्हणजे काय? ३) फिट आलेल्याला कशी मदत कराल, हे घरी सर्वांना सांगा.

– मुख्याध्यापक