स्वस्त सिस्टीममधलं नेव्हिगेशन विकत घेऊ नका

गाडीला बाहेरून सिस्टीम लावायची, तीही स्वस्तातली, आणि तिच्यात रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन हवं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. पाच-सात हजारांच्या अँड्रॉइड स्टिरिओतल्या नेव्हिगेशनसाठी एक रुपयाही मोजू नका. स्क्रीन घ्या, आवाज घ्या, मागचा कॅमेरा जोडून घ्या. रस्ता दाखवायचं काम मात्र खिशातल्या फोनकडेच राहू द्या आणि फोनचा नकाशा स्क्रीनवर नीट आणणारा स्टिरिओ निवडा. शांत डोक्यानं लिहायचा प्रयत्न करतो आहे, पण राग अजून गेलेला नाही. पैशांपेक्षा जास्त राग आहे तो त्या एका उत्तराचा. यंत्र चुकीचा रस्ता दाखवतं अशी तक्रार केली की ‘तुम्हाला वापरता येत नाही’ असं ऐकवलं जातं, आणि आपण नवखे म्हणून गप्प बसतो. पण दोष वापरणाऱ्याचा नसतो. तो कुठे असतो हे पुराव्यानिशी दाखवता येतं, म्हणून हा प्रपंच.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा सिग्नल अतिशय क्षीण होतो, आणि आपण नेमके कुठे आहोत हे ठरवायला किमान चार उपग्रहांचा सिग्नल एकाच वेळी मिळावा लागतो. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती पाठवतो ती सेकंदाला फक्त 50 बिट या वेगानं. एका उपग्रहाची अचूक कक्षा कळायला साधारण 30 सेकंद सलग सिग्नल लागतो, तर सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं. फोनला एवढं थांबावं लागत नाही, कारण ही माहिती तो मोबाइल नेटवर्कवरून आधीच मागवून घेतो. स्टिरिओला नेट नसेल तर त्याला सगळं आकाशातूनच ऐकावं लागतं, आणि ऐकायला असते ती डब्यात मिळणारी काडेपेटीएवढी काळी अँटेना. तिच्या पोटात सिरॅमिकची चकती असते, पाठीला लोहचुंबक आणि तीनेक मीटर वायर. चकतीचं तोंड आकाशाकडे हवं आणि वर धातू नको, एवढीच तिची अट. म्हणजे तिची जागा डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली. पण तिथपर्यंत वायर न्यायची तर काचेशेजारच्या खांबाचं प्लास्टिक काढावं लागतं, वेळ जातो. फिटर काय करतो? वायरीचं भेंडोळं करून अँटेना स्टिरिओच्या पाठीमागेच कोंबतो, लोखंडी पट्ट्यांच्या आड. स्टिरिओ बसला की वरून काहीच दिसत नाही. मग बाण तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे सरकत राहतो, आणि खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्ग व जुना महामार्ग अगदी लगत धावतात तिथे, किंवा शहरात उड्डाणपूल आणि सेवा रस्ता यांत निवड करायची असते तिथे, हा फरक म्हणजे सरळ चुकीचा रस्ता. काही स्वस्त डॅशकॅमही याच सिग्नलमध्ये गोंधळ घालतात, त्यामुळे अँटेना त्यांच्यापासून लांब ठेवायला सांगा.

आता विकणाऱ्यांच्या वागण्याबद्दल. ‘साहेब, नेव्हिगेशन एकदम ओके’ हे वाक्य दुकानाबाहेर उभ्या गाडीत ऐकवलं जातं. उभ्या गाडीत बाण जवळपास कुठेही दिसला तरी चालतो, त्यामुळे ती चाचणीच नव्हे. तक्रार घेऊन गेलं की तोच माणूस म्हणतो, ‘सॅटेलाइट पकडायला वेळ लागतो’, मग ‘तुमच्या भागात रेंज नसेल’, मग ‘नेट चालू ठेवा’. यातलं शेवटचं निम्मं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे. जागा उपग्रहांवरून कळते, तिला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशा आणि वाहतूक कोंडीची माहिती यायला. हे दोन वेगळे भाग आहेत हे विकणाऱ्याला माहीत असतं, निदान असायला हवं. पण आपल्याला ते कळू न देण्यात त्याचा फायदा आहे, कारण मग कुठलाही बिघाड ‘नेट’च्या नावावर खपतो. मला सर्वांत जास्त चीड येते ती याची.

डब्यावरच्या आकड्यांचंही तसंच. 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, अँड्रॉइड 13 असं ठळक छापलेलं असतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर तिथेही तेच दिसतं. गिऱ्हाईक खूश. पण सेटिंगमधला तो मजकूर बनवणाऱ्याला हवा तसा बदलता येतो आणि स्वस्त मालात तो बदललेला सर्रास सापडतो. खरं पाहायचं तर सीपीयू-झेड किंवा एडा-64 यांसारखं ॲप टाकून ‘एपीआय लेव्हल’ बघा. अँड्रॉइड 13 असेल तर 33 हा आकडा यायला हवा, अँड्रॉइड 10 असेल तर 29. डब्यावर 10 किंवा 13 आणि ॲपमध्ये 27 आलं, तर तुमच्या हातात अँड्रॉइड 8.1 आहे, ज्याचं नाव नुसतं बदललंय. प्रोसेसरचं नावही तिथेच कळतं. ऑलविनर टी3 निघाला तर तो कॉर्टेक्स-ए7 पठडीतला जुना 32 बिटचा आहे. गाणी तो वाजवेल, पण नकाशा, गाणं आणि मागचा कॅमेरा एका वेळी आले की अडखळेल. स्टोरेज तपासायला मोठ्या फाइली भरून परत उघडून बघाव्यात. दुकानदार ‘एवढं कोण बघतं’ म्हणेल. आपण बघायचं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की फोन गरम होतो, मध्येच कॉल येतो, आणि ताम्हिणीसारख्या घाटात रेंजच नसते, मग गाडीतलंच नेव्हिगेशन बरं. रेंजचा मुद्दा खरा आहे, पण तो स्वस्त स्टिरिओच्या बाजूनं नाही. त्याला नेट मिळतं ते बहुधा तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. फोनची रेंज गेली की त्याचंही गेलं. उलट फोनमध्ये त्या भागाचा गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा घरून उतरवून घेतला, तर रेंजशिवायही गाडीचा रस्ता दिसतो. कोंडी तेवढी कळत नाही. बोगद्यात तर कुणालाच उपग्रह दिसत नाहीत. तिथे कंपनीनं बसवलेलं चांगलं नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधतं, फोनही आपल्या सेन्सरांवर थोडं निभावून नेतो, पण बाजारातल्या स्वस्त स्टिरिओकडे यातलं बहुधा काहीच नसतं. फोन गरम होतो हे मान्य. तो काचेवर उन्हात लटकवण्याऐवजी केबल लावून खाली सावलीत ठेवला तर त्रास बराच कमी होतो, आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलं की नेमकं हेच करता येतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: अँड्रॉइड ऑटो तर स्वस्त स्टिरिओतही येतं, मग अडचण काय? अडचण आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. काही स्टिरिओ स्वतःला सापडलेली जागा फोनकडे पाठवतात आणि फोन तीच खरी मानतो. म्हणजे अँटेना लोखंडाआड कोंबलेली असेल तर तिच्यामुळे फोनचा चांगला नकाशाही बिघडतो, आणि आपण फोनला दोष देत बसतो. त्यामुळे मी तर म्हणेन की ज्यात जीपीएसच नाही, पण अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले अधिकृत आहे, असा साधा स्टिरिओ स्वस्तातल्या ‘सगळं आहे’वाल्यापेक्षा चांगला. थोडे पैसे जास्त जातील. दुकानात स्वतःचा फोन आणि स्वतःची केबल घेऊन जा, जोडून बघा आणि शक्य असेल तर गाडी चालवून बघा.

आवाजाबद्दल थोडक्यात. ‘50 वॅट गुणिले 4’ वाचून भुलू नका, आरएमएस किती ते विचारा. पिवळ्या वायरीवरचा फ्यूज बघितला तरी हिशोब कळतो: 10 अँपिअर असेल तर 14.4 व्होल्टला जास्तीत जास्त 144 वॅट आत येतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास आवाजात उतरतात. मग चार स्पीकरना मिळून 200 वॅट येणार कुठून? खरा आकडा दर स्पीकरला 18 ते 22 वॅटच्या आसपास असतो आणि रोजच्या वापराला तो पुरतो. नामांकित कंपन्याही मोठा आकडा डब्यावर छापतात, पण निदान खरा आकडा माहितीपत्रकात तरी देतात.

बसवताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तोच लावायला सांगा, नाहीतर गाडीच्या इलेक्ट्रिकल वॉरंटीवर उद्या वाद होईल. पिवळी वायर कायम वीज देणारी, लाल किल्ली फिरवल्यावर देणारी. घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की गाडी बंद असतानाही स्टिरिओ बॅटरी ओढत राहतो. किल्ली काढल्यावर तो खरंच बंद होतो की नुसता झोपतो, हेही विचारून घ्या. गाडी आठवडा-आठवडा उभी राहत असेल तर फार फरक पडतो. स्क्रीन भर उन्हात बघा. चार दुकानं फिरा.

आणि बिल घ्या. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ असं सांगून ते टाळलं जातं, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्याआड येत नाही. बिलावर मॉडेल, रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती आणि वॉरंटी कोण देणार हे लिहून मागा, आणि स्टिरिओ बसवला त्याच दिवशी दुकानासमोरच एपीआय लेव्हलच्या स्क्रीनचा आणि अँटेना जिथे बसवली त्या जागेचा फोटो काढून ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची वेळ आली तर ‘तुम्हाला वापरता येत नाही’ या उत्तरापुढे ठेवायला हे दोन फोटो आणि ते बिल लागेल.